उजवी पाकळी थोरलीची

उभा जन्म पाण्यावर काढून अंगाला पाणी लागू न दिलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. पूल होण्याआधी कर्लीच्या खाडीवर त्यांची तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालायची. तीसेक वर्षं त्यांनी अलीकडची माणसं पलीकडे आणि पलीकडची अलीकडे केली. नवऱ्या मुली, बाळंतिणी, भाताची पोती, भजनी मंडळाची पेटी, आणि एकदा तर एक रेडाही, ज्याला त्यांनी वाटभर "बस रे बाबा, इलाच आता" म्हणत समजावलं होतं. आणि या माणसाला पोहता येत नव्हतं. "पवाक इला की माणूस होडयेची काळजी करणा नाय, जावयांनू," ते मला सांगायचे. "होडी बुडाली तर पयलो मी मरतलंय, ह्या माका म्हायत आसा. म्हणान माजी होडी बुडणा नाय." आणि खरोखरच त्यांची होडी कधी बुडाली नाही. मामा पाण्यात पडले ते एकदाच, सत्तरीला आल्यावर, धक्क्याला लागून, कंबरभर पाण्यात. लोक म्हणाले, वाऱ्याने घात केला. वारा होता हे खरं आहे. पण वाऱ्याच्या आधी मी होतो, आणि ते मी अजून गावाला सांगितलेलं नाही. माझा स्वभाव मुळात कमी बोलण्याचा. कमी बोलणाऱ्याला लोक सज्जन समजतात, आणि ही सोय मी पुरेपूर वापरली.

मामांना माणूस दिसायचा तो आधी वजन म्हणून. नाव, गाव, हुद्दा हे मागाहून. कुठेही चार माणसं जमली की मामांची नजर त्यांच्यावरून तराजूसारखी फिरायची आणि ते बेचैन व्हायचे. एसटीत चढले की कंडक्टरने तिकीट विचारण्याआधी ते दोन जाड्या प्रवाशांना समोरासमोरच्या बाकांवर बसवायचे. माझ्या लग्नात तर त्यांनी कहर केला. आमची खारेपाटणची मंडळी खात्यापित्या घरची, आणि ती सगळी मांडवाच्या एकाच अंगाला पंगतीला बसलेली. मामा वाढता वाढता थांबले, श्रीखंडाचं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्या आत्यासमोर हात जोडून उभे राहिले. "आवशी, जरा त्या बाजूक बसशात? मांडव कलांडता." मांडव सारवलेल्या जमिनीवर, चारी खांब हातभर पुरलेले. आत्या मरेपर्यंत मामांशी बोलली नाही. गावात कुणी गेलं तरी खांदेकरी मामाच लावून द्यायचे, उंची आणि वजन बघून, पुढे दोन मागे दोन. "मेलेल्याक तरी डोलवू नको रे," असं ते हळूच म्हणायचे.

दुसरी गोष्ट त्यांच्या डोळ्यांची. लांबचं त्यांना घारीसारखं दिसायचं. पलीकडच्या काठावर कोण उभं आहे, कुणाच्या घरचं, कुणावर रागावून निघालं आहे, हे ते अलीकडून सांगायचे. पण हातभर अंतरावरचं मात्र काही म्हणजे काही दिसत नसे. चष्मा घ्या म्हटलं की म्हणायचे, "चष्मो पाण्यात पडतलो. आणि मगे तो सोदूक आणखी एक चष्मो लागतलो." त्यामुळे विडी ते हटकून उलटी तोंडात धरायचे आणि दोऱ्याच्या टोकाला काडी लावायचे. कुणी चूक दाखवली तर "असली बरी लागता" म्हणून तीच ओढायचे. पुढे पुढे त्यांना ती खरंच तशीच बरी लागू लागली असावी.

माझ्या बायकोची आई ती लहान असतानाच गेली. मामांनी स्वतः लग्न केलं नाही आणि या भाचीला तरीच्या फळीवर बसवून वाढवलं. त्यामुळे मी त्यांच्या घरचा जावई, आणि जावई म्हणजे मामांच्या लेखी खाडीच्या राखणदार देवाच्या खालोखालचं दैवत. वयाने मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नाही. माझ्या शब्दावर शंका घेणं म्हणजे भाचीचा अपमान, असा त्यांचा नियम होता. मी एकदा चुकून दसरा मंगळवारी आहे म्हणालो, तर बुधवारचा दसरा मामांनी मंगळवारी करून टाकला. "जावय सांगतत तर आसतलो," एवढंच म्हणाले. हा दसरा आम्ही पुढे कितीतरी वर्षं हसण्यावारी नेला. तेव्हा मला कळायला हवं होतं की माझ्या शब्दाला किती जोर आहे.

तालुक्याच्या ऑफिसातली नोकरी मी लवकर सोडली आणि तारकर्लीत बायकोच्या जागेत पर्यटकांसाठी सहा खोल्या बांधल्या. पाहुण्यांना खाडीत फिरवायला बोट हवी होती. पूल झाल्यापासून मामा धक्क्यावर नुसते बसून असत, जाणाऱ्या-येणाऱ्यांची वजनं करत. मी म्हटलं, मामा, आपण पंटून घेऊ, तुम्ही चालवा. पंटून म्हणजे खाली ॲल्युमिनियमचे लांबलचक पोकळ नळे, वर सपाट फळ्यांची जमीन, भोवती कठडा, बसायला खुर्च्या आणि मागे इंजिन. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा ती पाहिली आणि म्हणाले, "ही होडी नाय, पाटार बसलेली बाय आसा." पण त्या दिवसापासून त्यांनी दाढी रोज करायला सुरुवात केली.

गोव्याच्या हद्दीजवळ एका कारखान्यात दोन पंटून तयार होत्या. मामा त्या बघायला काळी टोपी घालून निघाले, जणू मुली बघायला. जाताना वाटेतून त्यांनी शहाळीसुद्धा घेतली, "रिकाम्या हातान कसा जायत?" म्हणून. धाकटी दोन नळ्यांची, बाराएक माणसांची, वर कापडाचं छत, सोडलं की गुंडाळून ठेवता येई. थोरली तीन नळ्यांची, पंचवीस माणसं सहज बसतील अशी, वर फायबरचं पक्कं छप्पर. मामांनी दोघींना प्रदक्षिणा घातली. फणस ठोकून बघावा तसे नळे ठोकून ऐकले. धाकटीच्या मधोमध उकिडवे बसून डोळे मिटले. मग थोरलीवर चढले, छपराकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि उतरून माझ्याजवळ आले.

"जावयांनू, धाकटी बरी."

"थोरलीत काय वाईट आहे?"

"वायट नाय. रुबाबदार आसा. पण त्या छप्पर नाय, ता शीड आसा. आणि शीड कसा, तर उतरवूक येणा नाय असला. दुपारचो वारो इलो की ती माजा ऐकाची नाय, वाऱ्याचा ऐकतली. धाकटेक मी बांबून धरतलंय. थोरलेक दोन माणसां होयी. माजे हात दोनच."

मला थोरली हवी होती. कारण सांगायला लाज वाटते, पण आता सांगायचंच ठरवलं आहे. कोल्हापूरहून सहलीच्या गाड्या यायच्या, एका गाडीत वीसेक माणसं, आणि ती एका फेरीत नेता आली असती. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की शेजारच्या लॉजवाल्याने तसलीच मोठी पंटून आणली होती, आणि रोज संध्याकाळी ती गाणी लावून माझ्या खोल्यांसमोरून जायची. माझे पाहुणे गॅलरीत उभे राहून तिच्याकडे बघत. त्या बोटीशेजारी कापडी छताची धाकटी कशी दिसेल, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मी मामांना उलट बोललो नाही. गप्प बसलो. माझं गप्प बसणं म्हणजे नाराजी, हे मामांना ठाऊक होतं.

दोन दिवसांनी तेच म्हणाले, "तुमच्या मनात थोरली, माज्या मनात धाकटी. मगे राखणदाराक इचारूया."

धक्क्याजवळ उंडीच्या झाडाखाली शेंदूर फासलेला कमरेएवढा दगड आहे. तोच खाडीचा राखणदार. देवळात कौल घ्यायचा तर गुरव लागतो. इथे कुणी लागत नाही. जुन्या तारींची, म्हणजे तर चालवणाऱ्यांची, पद्धत अशी, की जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून दगडाला डावी-उजवीकडे चिकटवायच्या, विडी आणि नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, आणि जी पाकळी आधी पडेल तो राखणदाराचा शब्द. उजवी पाकळी मानाची. मामांनी ती थोरलीच्या नावाने लावली, डावी धाकटीच्या. मग हात जोडून त्यांनी सुरू केलं, "बा राखणदारा, म्हाराजा..." गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला मागच्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. ऑफिसात पंचवीस वर्षं कागदी मराठी बोललेला मी, माझ्या तोंडून ते पुटपुटल्यासारखं आलं. मामा थांबले. "जोरात, जावयांनू. मागल्यान व्हय म्हटला नाय तर गाऱ्हाणा देवाक पोचणा नाय, हयच रवता." मी जोरात म्हणालो.

मग आम्ही वाट बघत बसलो. लाल दगड, लाल पाकळ्या, उंडीची गडद सावली. मामांना त्यातलं काही दिसत नव्हतं. ते समोर पलीकडच्या काठाकडे बघत होते, कारण तेवढंच त्यांना दिसायचं. थोड्या वेळाने डावी पाकळी सुटली. पाण्याच्या ओघळाबरोबर घसरत आली आणि विडीवर पडली.

"काय झाला?" मामांनी विचारलं. "पडली? खंयची?"

मी म्हणालो, "उजवी."

"थोरली?"

"थोरली."

मामांनी दगडाला हात लावून पाहिलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. जवळचं सगळं ते हातानेच तर बघत. पण जावयाने सांगितल्यावर चाचपून बघायचं कसं? त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "बरा तर. तेची मर्जी." ते नारळ फोडायला दगड शोधू लागले, आणि मी उरलेली उजवी पाकळी नखाने खरवडून काढली. ती निघता निघत नव्हती. तिचा लाल चुरा माझ्या नखात संध्याकाळपर्यंत राहिला होता.

थोरली आली, आणि एकदा देवाने दिली म्हटल्यावर मामांनी तिला नांदवायचं मनावर घेतलं. तिच्या पुढच्या कठड्याला अबोलीचा वळेसर बांधायचे. पर्यटकांना वजनानुसार बसवताना त्यांची कळी खुलायची. एका कोल्हापूरकर वकिलांना त्यांनी तीन वेळा उठवलं आणि शेवटी बरोबर मधोमध बसवून सांगितलं, "तुमी मानाचे. तुमी हलल्यात तर आमी सगळे गेलों." वकील फेरीभर हलले नाहीत. गाण्याची पेटी मात्र मामांनी लावू दिली नाही, पाण्याचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून. संध्याकाळी दमून पायऱ्यांवर बसले की एकदोनदा म्हणाले, "जावयांनू, दोरयेक एक माणूस मिळालो तर बरा होयत." मी म्हणालो, पुढच्या हंगामात बघू. कागदोपत्री सगळं रीतसर होतं. बिनरीत काय होतं ते मला एकट्याला ठाऊक होतं.

चैत्रातली दुपार होती. आकाशात ढगाचा ठिपका नाही. फेरी संपवून मामांनी थोरली धक्क्याला लावली आणि माणसं एकेक करून उतरवली. शेवटची बाई उतरली तशी रिकामी बोट हलकी होऊन वर आली, आणि त्याच वेळी खाडीच्या मुखाकडून वारा आला. मी पायऱ्यांवर फोनवर दुसऱ्या दिवसाच्या गाडीचं बोलत होतो. मी पाहिलं ते छप्पर. ते दारासारखं फिरलं. मामा एक पाय धक्क्यावर, एक पाय बोटीवर, हातात दोरी. दोन हात, जे त्यांनी मला आधीच मोजून दाखवले होते. बोट आधी दूर गेली, मामा मधल्या पाण्यात पडले, आणि मग ती परत आली. आवाज झाला तो फार मोठा नव्हता.

आम्ही त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "सगळी उतारली मां?"

"हो मामा, सगळी."

"मगे काय नाय," म्हणाले, आणि शुद्ध गेली.

कंबरेचं हाड आणि एक मांडी. जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली, पण ते पुन्हा उभे राहिले नाहीत. आमच्या घरी खाडीकडच्या खोलीत त्यांची खाट टाकली. दुखण्याची तक्रार त्यांनी केली नाही. त्यांना वेगळंच काहीतरी खात होतं. दिवसभर छताकडे बघत ते हिशेब लावत. विडी ठेवली होती. नारळ ठेवला होता. राखणदाराचं नाव घेतलं होतं, सीमेच्या देवाचं घेतलं होतं. मग चुकलं कुठे? राखणदार खोटं बोलणार नाही. जावई तर नाहीच नाही. मग राहिलं कोण?

एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर चेहरा शांत होता. "गावला," म्हणाले. "माजीच चूक. उजवी बाजू मानाची. ती मी थोरलेक दिलंय. तुमच्या मनात थोरली होती मां, म्हणान तुमचो मान राखलंय. देवाक इचारताना मीच पारडा कलांडवलंय. तो बिचारो काय करतलो? मी दाखवलंय तीच तेणी दिली." आणि हसले. "जल्मभर दुसऱ्यांका नीट बसवलंय, आणि थंयच चुकलंय."

माझ्या हातात कप होता. मला वाटलं, आता सांगावं. शब्द तीनच होते, डावी पडली होती. मी कप त्यांच्या तोंडाशी नेला आणि म्हणालो, "गार होतोय."

त्यांनी मला एक काम सांगितलं. स्वतःला जाता येत नाही, तर मी जाऊन राखणदाराला सांगावं, की मामांची चूक झाली, पदरात घे. बायको म्हणाली, जाऊन या, त्यांना बरं वाटेल. मी गेलो. उंडीखाली उभा राहिलो. तोंड उघडलं नाही. जी चूक त्यांची नव्हती तिची माफी मागायची कशी, आणि जी माझी होती तिची मागायला धीर नव्हता. विडी ठेवून परत आलो. "सांगितल्यात?" मामांनी विचारलं. "सांगितलं." "मागल्यान व्हय कोणी म्हटला?" मी म्हणालो, "तिथे एक कोळी उभा होता, तो म्हणाला." खोटं बोलायला मी आता सरावलो होतो. मामा त्या दिवशी खूप दिवसांनी पोटभर जेवले.

भाद्रपदात ते गेले. खांदेकरी नीट लावून द्यायला कुणी उरलं नव्हतं. चार माणसं, त्यांत मी, जशी पुढे आली तशी लागली. पहिल्या वळणावर तिरडी माझ्या बाजूला कलली. ती पुन्हा सावरेपर्यंत मी चाललो त्या दहा पावलांबद्दल मला आणखी काही लिहिता येत नाही.

थोरली मी विकली. या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. गेल्या भाद्रपदात मामांच्या तिथीला बायको म्हणाली, त्यांची विडी ठेवून येऊ. आम्ही दोघं उंडीखाली गेलो. तिने दगडाला पाणी घातलं, मी विडी ठेवली, आणि हात जोडले तेव्हा माझ्या तोंडून ते बाहेर पडलं, तेही ज्या बोलीत नोकरीला लागल्यापासून मी बोललो नव्हतो तिच्यात.

"बा राखणदारा, म्हाराजा, हय दोन पाकळ्यो लावलेल्यो, एक थोरलेची, एक धाकटेची म्हाराजा. डावी पडली होती. मी उजवी म्हणान सांगितलंय म्हाराजा. मामांची चूक नाय. ती माजी आसा. तेंच्या माथ्यारची काढ आणि माज्या माथ्यार घाल रे म्हाराजा."

मागून आवाज आला नाही. मी वळलो नाही. खाडीत ओहोटी लागली होती आणि पाणी धक्क्याच्या पायऱ्यांवरून एकेक करून उतरत होतं. तीन पायऱ्या उघड्या पडल्या तरी आम्ही तसेच उभे होतो. मग ती पुढे आली, वाकली आणि मी ठेवलेली विडी उचलून तिने उलटी केली.

"मामा अशी धरीत," एवढंच म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

घरी तिने जेवायला वाढलं, बरोबर बसली नाही. पुढच्या सोमवारी मी विडी घेऊन निघालो तर ती चपला घालून दारात उभी होती. तेव्हापासून दर सोमवारी आम्ही जातो. मी तेच गाऱ्हाणं घालतो, ती मागे उभी असते. व्हय म्हाराजा ती अजून म्हणालेली नाही, आणि म्हण असं सांगण्याचा हक्क मला नाही. विडी मात्र आता मी उलटीच ठेवतो.